मुलूख सोडायचा की नाही: दुभंगलेल्या एल्फ समाजाची कादंबरी कशी रचावी

एल्फांचा, म्हणजे फँटसी कथांतल्या दीर्घायुषी, माणसासारख्या दिसणाऱ्या काल्पनिक जमातीचा, एक समाज आपला मुलूख सोडायचा की नाही यावरून फुटतो, हे कथाबीज घेऊन लिहायला बसलेले पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी अडकतात. कारण बहुतेकदा एकच असतं. दोन्ही बाजूंची भाषणं लिहून होतात आणि पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. जाणारे म्हणतात, इथे आता काही राहिलेलं नाही. राहणारे म्हणतात, ही आमची भूमी आहे. मग लेखक दोघांना आळीपाळीने रडवत बसतो. ही फूट तीनशे पानं टिकवायची असेल, तर भाषणांच्या आधी आकडे मांडावे लागतात. समाज केवढा, आयुष्य किती, वर्षाला मुलं किती जन्मतात, वाटेत खायचं काय, गाड्या किती लागतील, कोण गेलं तर कोणतं काम बंद पडेल. एवढं ठरलं की भांडणं सुचू लागतात आणि ती घरागणिक वेगळी निघतात.

आधी आयुष्य, मग लोकसंख्या

एल्फांचं दीर्घायुष्य बऱ्याच हस्तलिखितांत नुसतं शोभेला असतं. या कथेचा सगळा पाया मात्र तेच आहे, म्हणून पहिला कागद त्याचा. समजा, सरासरी आयुष्य ७०० वर्षं आणि लोकसंख्या ६,०००. लोकसंख्या वाढत नाही आणि घटतही नाही असं धरलं, तर वर्षाला होणारे जन्म म्हणजे ६,००० भागिले ७००, साधारण साडेआठ. सगळ्या मुलखात मिळून वर्षाला आठ-नऊ बाळं! बालपण ६० वर्षांचं ठेवलं, तर एका वेळी पाचशेच्या आसपास मुलं असतील आणि प्रत्येकाचं नाव बहुतेकांना ठाऊक असेल. तुलनेला सरासरी ४० वर्षं जगणारा ६,००० माणसांचा समाज घ्या. तिथे वर्षाला दीडशे जन्म होतात.

आता प्रवासात ३०० जण दगावले असं लिहा. माणसांच्या त्या समाजात ही तूट दोन वर्षांच्या जन्मांएवढी आहे. तुमच्या एल्फांना तेवढेच जन्म व्हायला ३५ वर्षं लागतील. ‘वाटेत थोडे मरतील, पण बाकीचे वाचतील’ हे वाक्य माणसाच्या तोंडी कठोर वाटतं. एल्फाच्या तोंडी ते जवळजवळ अक्षम्य ठरतं. राहू इच्छिणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्हाला असा गणितातूनच मिळतो, त्यासाठी देवराईवर कविता रचावी लागत नाही.

दुसरा परिणाम पिढ्यांचा. पहिलं मूल दीडशेव्या वर्षी होतं असं धरलं, तर एका वेळी चार-पाच पिढ्या हयात असतात. ‘पूर्वजांनी वसवलेलं नगर’ म्हणताना ते वसवणारी पणजी सभेत समोर बसलेली असते. तिला विचारता येतं, तिच्याशी भांडता येतं आणि तिचं मत बदलूही शकतं. मुलूख वसवणारीच ‘चला’ म्हणते आणि इथेच जन्मलेला पणतू ‘नाही’ म्हणतो, ही मांडणी वापरून पाहा. ज्यांनी एकदा देश सोडला आहे त्यांना पुन्हा सोडणं शक्य कोटीतलं वाटतं. ज्यांनी कधीच सोडलेला नाही त्यांना तो सोडणं म्हणजे मरण वाटतं.

संकटाचा वेग

एका रात्रीत लाव्हा आला तर वाद होत नाही, सगळे पळतात. हजार वर्षांत समुद्र चढणार असेल तर निर्णयच होत नाही. वाद तेव्हा पेटतो, जेव्हा संकट काहींच्या दारात पोचलेलं असतं आणि काहींना ते अजून दिसतही नसतं. सोपा ठोकताळा असा: कथा सुरू होताना लोकसंख्येच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला प्रत्यक्ष झळ लागलेली असावी. त्याहून कमी असेल तर तक्रार करणारे वेडे ठरतात. अर्ध्याहून जास्त असेल तर राहणारे मूर्ख ठरतात आणि मग वाचक त्यांची बाजू घेत नाही.

संकट मोजता येईल असं निवडा. झऱ्याचं पाणी दर दहा वर्षांनी हातभर खाली जातं. झाडांना लागलेली कीड कडेपासून मध्याकडे वर्षाला दोनशे पावलं सरकते. मोजता आलं की आकड्यांवरून भांडता येतं. मोजणारा कोण, त्याने खूण कुठल्या दगडावर केली, गेल्या ओल्या सालात पाणी वर आलं होतं त्याचं काय? ‘अंधार पसरतो आहे’ अशा संकटावर कुणाला शंका घेता येत नाही, आणि शंकेशिवाय दुसरी बाजू उभी राहत नाही.

सर्वांत अवघड भाग: मुदत

सातशे वर्षं जगणाऱ्याला ‘आणखी शंभर वर्षं थांबून पाहू’ म्हणणं पूर्ण शहाणपणाचं आहे. माणसाच्या हिशेबात ते दहा-बारा वर्षं थांबण्यासारखं झालं. त्यामुळे एल्फांच्या कथेत वेळ आपोआप टंचाईची होत नाही. ती तुम्हाला बाहेरून आणावी लागते. मुदत नसली की मधली शंभर पानं सैल पडतात आणि नेमकं काय बिघडलं हे लेखकाला कळत नाही.

मुदत तीन प्रकारे आणता येते. पहिली निसर्गाची: खिंड ठरावीक महिन्यांतच उघडी असते आणि हिमनदी पुढे सरकत असल्यामुळे तीही काही वर्षांत बंद होईल. दुसरी शेजाऱ्यांची: ज्या माणसांच्या राज्यातून वाट जाते, त्या राजाने परवाना दिला आहे. राजा साठीचा आहे आणि वारस एल्फद्वेष्टा. मला ही सगळ्यात आवडते, कारण अल्पायुषी माणसाच्या उरलेल्या दहा-पंधरा वर्षांवर दीर्घायुषी समाजाचं भवितव्य टांगलेलं राहतं आणि एल्फांना आयुष्यात प्रथमच घाई म्हणजे काय ते कळतं. तिसरी साधनांची: समुद्रमार्गे जायचं असेल तर जहाजाची जाड फळी हवेवर वाळायला इंचामागे साधारण एक वर्ष लागतं. तीन इंची फळीला तीन वर्षं. ओल्या लाकडाची घाई केली तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पाणी आत येतं. म्हणजे प्रवासाचा निर्णय व्हायच्या आधी तीन वर्षं कुणीतरी झाडं तोडायला हवीत. ज्या झाडांना राहणारे पूज्य मानतात, तीच झाडं. सभा बसण्याआधीच कुऱ्हाड चाललेली आहे, ही तुमच्या पहिल्या प्रकरणाची सुरुवात होऊ शकते.

वाटेचा हिशेब

२,४०० जण निघाले असं धरू. दिवसाला माणशी ६०० ग्रॅम धान्य, म्हणजे रोजचे १,४४० किलो. नव्वद दिवसांचे झाले सुमारे १३० टन. खराब वाटेवर बैलगाडीत ५०० किलो भरले तर २६० गाड्या आणि ५२० बैल. एका गाडीने मागच्या-पुढच्या अंतरासह १० मीटर जागा घेतली तर रांग २.६ किलोमीटरची होते. ताशी ३ किलोमीटर वेगाने पहिली गाडी हलल्यावर शेवटची हलायला जवळपास तास जातो. बैलांना चरायला आणि रवंथाला वेळ द्यावा लागतो, म्हणून दिवसाला १४ किलोमीटर पुष्कळ. आठवड्यातून एक दिवस मुक्काम धरला तर नव्वद दिवसांत हजार किलोमीटरच्या थोडंसं पुढे पोचता येईल.

हे आकडे कादंबरीत जसेच्या तसे ओतायचे नाहीत. त्यांतून प्रसंग काढायचे. २६० गाड्या आहेत का? नसतील तर बनवणार कोण, आणि सुतार राहणाऱ्या गटात असेल तर? शेवटच्या गाडीत कोण बसतं? १३० टन धान्य कोठारातून गेलं तर मागे राहणाऱ्या ३,६०० जणांचा पावसाळा कसा निघेल? इथे पहिल्यांदा दिसतं की जाणं ही फक्त जाणाऱ्यांची बाब नाही. कोठार एकच आहे.

एल्फ फार कमी खातात असं ठरवायला हरकत नाही. मग ते सगळीकडे पाळा. एका घासावर दिवस काढणारं जादूचं अन्न दिलंत, तर पुढे दुष्काळाचं संकट दाखवता येणार नाही. जादूने वाट सोपी केली की निर्णयाची किंमत उतरते, म्हणून या कथेत जादू वाटेच्या बाजूने न ठेवता मुळांच्या बाजूने ठेवलेली बरी: जखम भरण्याची ताकद, गाणं, झाडांशी बोलणं, जे काही असेल ते मुलखापासून दूर गेल्यावर क्षीण होतं. किती अंतरावर किती क्षीण होतं, तेही लिहून ठेवा.

गट दोन नकोत

जाणारे आणि राहणारे, एवढ्यावर थांबलात तर नाटक सपाट होतं. प्रत्यक्षात मोठा हिस्सा तळ्यात-मळ्यात असतो आणि कथा त्याच्याभोवती फिरते. निदान हे पाच हवेत: आत्ता निघू म्हणणारे, सगळे निघाले तरच निघू म्हणणारे, काही झालं तरी राहणारे, स्वतःला जायचं असूनही कुणासाठी तरी मागे थांबणारे, आणि ज्यांना नेताच येत नाही असे. शेवटच्या गटात अतिवृद्ध, आजारी किंवा एखाद्या झाडाशी, झऱ्याशी बांधले गेलेले येतात. ‘सगळे निघाले तरच’ वाला गट सर्वांत मोठा ठेवा. त्याला दोन्हीकडून ओढलं जातं आणि त्याचं एक घर हललं की शेजारची चार हलतात.

प्रत्येक गटाला बाकीच्यांकडे उत्तर नाही असा एक मुद्दा द्या. तपासायची रीत अशी: प्रत्येक बाजूचं म्हणणं त्या बाजूच्या सगळ्यात चांगल्या माणसाच्या तोंडून चार वाक्यांत लिहा आणि दोन दिवसांनी वाचा. एखाद्या बाजूची चार वाक्यं वाचताना ‘हे चूकच आहे’ असं तुम्हालाच वाटलं, तर ती वाक्यं पुन्हा लिहा. प्रमुख पात्रांपैकी पाचातलं एक तरी स्वतःच्या फायद्याविरुद्ध उभं असू द्या. जहाजं बांधून श्रीमंत होऊ शकणारी कारागीर राहण्याच्या बाजूने बोलते, किंवा कडेचं घर किडीने गेलेला म्हातारा ‘हलणार नाही’ म्हणतो. सगळे जण आपापल्या हितानुसार वागले की वाचक पुढचं ओळखतो.

निर्णय कोण घेतो आणि तो कुणावर बांधील

हा भाग लेखक सभेच्या वर्णनात उरकतात. खरं तर इथे नियम ठरवायला हवेत: मत कुणाला, किती बहुमत लागतं, हरलेल्यांनी तो निर्णय पाळायचा की नाही. मत व्यक्तीला दिलं तर मुलं, आई, पणजी एकाच घरात तीन बाजूंना जातात. कुळाला दिलं तर कुळप्रमुखाच्या दारात खरी लढाई होते. एकमत लागणार असेल तर एकटा हट्टी एल्फ चाळीस वर्षं सगळं अडवू शकतो, आणि त्याला ते सहज परवडतं.

इतिहासातली चार उदाहरणं या भागासाठी फार उपयोगी आहेत. इ. स. पूर्व ५४० च्या सुमारास पर्शियन सैन्य आल्यावर आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्यावरच्या फोकाया नगरातले ग्रीक बायकामुलं आणि देवमूर्ती घेऊन जहाजांत बसले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या सांगण्यानुसार त्यांनी लोखंडाचा गोळा समुद्रात बुडवला आणि तो वर तरंगेपर्यंत परतणार नाही अशी शपथ घेतली. तरीही निम्म्याहून जास्त लोक घराच्या ओढीने शपथ मोडून माघारी वळले. दुसरं टोक आजच्या स्वित्झर्लंडमधल्या हेल्वेती टोळ्यांचं. इ. स. पूर्व ५८ मध्ये निघताना त्यांनी आपली १२ नगरं आणि सुमारे ४०० खेडी जाळली आणि माणशी तीन महिन्यांचं पीठ ठेवून उरलेलं धान्यही पेटवलं, म्हणजे परतायचा मोह नको. रोमन सेनापती ज्यूलियस सीझरने त्यांना हरवून त्याच जळक्या गावांत परत पाठवलं. शपथ आणि आग, परतीची वाट बंद करण्याचे हे दोन उपाय आणि ते कसे फसतात हे दोन्ही तुमच्या एल्फांना लागू पडतं. त्यातही सातशे वर्षं पाळायची शपथ कुणी सहजासहजी घेणार नाही, आणि ज्याने अविचाराने घेतली तो तुमचं मुख्य पात्र होऊ शकतो.

तिसरं उदाहरण स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटाचं. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांनी बेट सोडलं, तेही स्वतः सरकारकडे विनंती करून. धडधाकट माणसं आधीच निघून गेल्यामुळे रोजची कामं उरकेनाशी झाली होती. हीच यंत्रणा तुमच्या समाजात बसवा. कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे किमान हात लिहा: कालव्याचा गाळ काढायला दर वसंतात ४०, सहा चौक्यांवर तीन पाळ्यांत दोघं-दोघं म्हणजे ३६, वैद्य ३. त्यांतले दोन वैद्य जाणार असतील तर मागच्यांना राहण्याचा पर्याय कागदावरच उरतो. एकेक घर बाहेर पडलं की राहणाऱ्यांच्या पायाखालची एकेक वीट निघते. राहणाऱ्यांचा राग इथून येतो आणि तो अगदी रास्त आहे.

आणि परतणाऱ्यांसाठी दक्षिण अटलांटिक महासागरातलं ट्रिस्टन दा कुन्हा बेट पाहा. १९६१ मध्ये ज्वालामुखीमुळे सगळे बेटवासी इंग्लंडला नेले गेले. पुढच्या वर्षी मतदान झालं, १४८ जण परत जाण्याच्या बाजूने आणि ५ विरोधात. आयतं सुखसोयींचं जग मिळूनही लोक धोक्याच्या घराकडे का वळतात, याचं उत्तर तुमच्या कथेला स्वतःचं शोधावं लागेल.

जे वाटता येत नाही

मुलखातल्या वीस सामायिक वस्तूंची यादी करा. बियाणं, कोठार, घंटा, ग्रंथ, नगराचा दिवा, एकमेव सुईण. मग प्रत्येकीपुढे खूण करा: वाटता येते, नक्कल करता येते, दोन्ही नाही. पहिल्या खणातल्या वस्तूंवर एखादा परिच्छेद पुरे. नक्कल करता येणाऱ्यांतून वेळेचा दाब निर्माण होतो. ४०० ग्रंथ, एका नकलेला ३ महिने आणि १० लेखक असतील तर दहा वर्षं लागतात, आणि खिंड आठ वर्षांत बंद होणार असेल तर कोणते ग्रंथ मागे टाकायचे यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं. तिसऱ्या खणात दोन-तीनच वस्तू ठेवा. त्यांतली एक चोरीला जाऊ द्या. चोर दोन्ही बाजूंना आवडणारा असेल तर फारच उत्तम.

फूट घरातून न्या

आठ ते दहा पात्रांचा तक्ता करा आणि प्रत्येकाची बाजू सुरुवातीला, मध्याला आणि शेवटी काय आहे ते लिहा. तिघांनी तरी बाजू बदलायलाच हवी, पण भाषण ऐकून कुणीही बदलू नये. बदल घडतो तो हाताने केलेल्या कामातून: झऱ्याची खूण स्वतः मोजल्यावर, आईची गाडी भरून दिल्यावर, रिकाम्या घरात शेजाऱ्याचं भांडं सापडल्यावर.

तीनशे वर्षांच्या संसारातला विरह माणसांच्या मापाने लिहू नका. ‘पुन्हा कधी भेटू?’ याला ‘चारशे वर्षांत रस्ता उघडेल’ हे खरंखुरं उत्तर असू शकतं. त्यामुळे निरोप हलका होत नाही, उलट जास्त जड होतो. वाट पाहणं शक्य आहे म्हणूनच वाट पाहायची की नाही, हे ठरवावं लागतं. संबोधनांकडेही लक्ष द्या. शंभर आणि चारशे वर्षांचे एल्फ दिसायला सारखे असतील, तर वय कळतं ते तू, तुम्ही आणि आपण यांवरूनच. भांडणात कुणी ‘आपण’वरून ‘तू’वर आलं की आवाज चढवल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

बिघडतं कुठे

सर्वांत मोठी चूक म्हणजे लेखकाने निकाल देणं. जाणारे क्षितिजाआड होताच मागे राहिलेल्यांवर आग कोसळते, किंवा जाणारे वाटेत संपतात आणि मुलूख पुन्हा हिरवा होतो. दोन्हींत आधीचा सगळा वाद वाया जातो, कारण एक बाजू पहिल्यापासून चूक होती असं ठरतं. उपाय असा की दोघांचाही अंदाज अर्धा बरोबर निघावा. कीड येते, पण मध्यावर थांबते. नवी भूमी मिळते, पण तिथे झाडं बोलत नाहीत.

मधेच शत्रूची स्वारी आणली तर सगळे एक होतात आणि फूट बाजूला पडते, म्हणून युद्ध आणायचंच असेल तर निर्णय झाल्यावर आणा. एखाद्या बाजूचा नेता लोभी किंवा खुनी निघाला की त्या बाजूचं म्हणणंही त्याच्याबरोबर मरतं. सर्वज्ञ वृद्धेच्या एका वाक्याने सभा शांत होणं हाही तसलीच पळवाट. पानापानावर उदास सूर लावणं टाळा. निघणाऱ्यांत उत्साह असतो, तरुणांना नवं जग पाहायचं असतं, गाड्या बांधताना हसणं-खिदळणंही होतं. आइसलंडच्या लोकसमजुतीत नववर्षाच्या आदल्या रात्री एल्फ घरं बदलतात आणि त्यांना येणाऱ्यांनी यावं, जाणाऱ्यांनी जावं, फक्त आमच्या घराला बाधा नको, असं सांगितलं जातं. स्थलांतराकडे इतक्या सहजपणेही पाहता येतं.

रचनेचं प्रमाण: तीस प्रकरणांची कादंबरी असेल तर सभेचा निर्णय बाराव्याच्या आसपास आणि प्रस्थान अठराव्याच्या आसपास ठेवा. प्रस्थान शेवटाला नेलंत तर फुटीचे परिणाम दाखवायला जागाच उरत नाही. पुढची बारा प्रकरणं दोन्हीकडे आळीपाळीने फिरू द्या. मागे रिकाम्या घरांत कोण राहायला जातं, जाणाऱ्याच्या शेतावर कुणाचा हक्क, परतलेल्याला ते मिळतं का, हे प्रश्न तिथे येतात.

दोन्हीकडच्यांना जोडणारा धागा म्हणजे एकमेकांना पाठवलेले निरोप. एकटा स्वार घोडे बदलत दिवसाला ५० किलोमीटर गेला तर हजार किलोमीटरला २० दिवस लागतात, आणि खिंड वर्षातले पाच महिने बंद असते. पहिल्या हिमानंतर लिहिलेलं पत्र वसंतातच पोचतं. तोवर ज्याच्याविषयी ते लिहिलं तो बरा झालेला असतो किंवा गेलेला असतो. कुणी कुणाला कधी लिहिलं, ते कधी मिळालं आणि मिळालं तेव्हा खरी परिस्थिती काय होती, याची तारीखवार यादी एकोणिसावं प्रकरण लिहायच्या आधी करून ठेवा. ती नंतर केली तर निम्मे संवाद बदलावे लागतात.